राखणीवरच्याला हाक मारायची नाही

कोपरला पश्चिमेच्या बाजूला उतरून खाडीच्या अंगाने चालत गेलं, की उंच इमारतींच्या पायाशी बैठ्या घरांची एक ओळ अजून उरली आहे. त्यात शेवंतीचं घर. ओळखायला सोपं. उन्हाळा लागला की घरापुढच्या मोठ्या ओट्यावर ताडपत्री पसरलेली असते, तिच्यावर सुकायला घातलेली करंदी आणि मांदेली, आणि कडेला बांबूवर टांगलेले बोंबील. वरच्या मजल्यांवरची नवी माणसं नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करतात, आणि मे महिन्यात तीच माणसं पिशवी घेऊन खाली येतात. "मावशी, सुके बोंबील कसे दिले?" शेवंती वासाबद्दल एक अक्षर बोलत नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

शेवंती दुसरी शिकली. दुसरी शिकली म्हणजे दुसरीत बसली, एवढंच. अक्षरं ओळखते, पण एकेक लावत, ओठ हलवत. ठाण्याला बहिणीकडे जायचं तर बसची पाटी वाचून होईतो बस पुढच्या थांब्याला, खोपटला पोचलेली असते. पण बाई जिद्दीची. बाजारातल्या जागेवरून तिला एकदा उठवलं, तेव्हा ती टोपली डोक्यावर घेऊन तिथेच उभी राहिली. बसायला मनाई होती, उभं राहायला नव्हती. दिवसभर उभ्याने मासळी विकली. दुसऱ्या दिवशीही. शेवटी उठवणाराच म्हणाला, "बसा बाई, माझे पाय दुखायला लागले तुमच्याकडे बघून."

तर अशा शेवंतीने गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट मनावर घेतली. नात वाचणारी झाली पाहिजे.

नात म्हणजे सान्वी, चौथीतली. आईबाप दोघं नोकरीला. मुलगा मितेश कल्याणला एका गोदामात, सून कृतिका ठाण्याला दवाखान्याच्या काउंटरवर. म्हणून शाळेच्या पालकसभेला जायचं काम शेवंतीकडे. ती धुतलेलं लुगडं नेसून, हाताला लिंबू चोळून गेली. बाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "आजी, पोरगी हुशार आहे. पण वाच म्हटलं की खडे चावल्यासारखी वाचते. तुमच्या घरात कोण वाचतं?"

शेवंतीने जरा आठवून पाहिलं. "कॅलेंडर वाचतो. आमचे हे तर मागची बाजूपण वाचतात, तिथे भविष्य असतं."

"पुस्तक?"

"पुस्तक नाय."

"मग तिला तरी कुठून आवडणार? पुढच्या वर्षी पुस्तकं जाड होतात, आजी. आत्ता गोडी लागली तर लागली. नाहीतर सगळं पाठ करायचं आणि पेपर झाला की विसरायचं."

हे शेवंतीला नीट कळलं, कारण तिच्या घरात तसा एक मुलगा वाढला होता. मितेशने सगळं पाठ केलं आणि सगळं विसरला. बारावीत दोनदा विसरला.

त्याच संध्याकाळी तिने सान्वीला शाळेचं गोष्टींचं पुस्तक देऊन दाराशी बसवलं. स्वतः समोर लसूण सोलत बसली, पहाऱ्यावर. पोरीने पहिली ओळ वाचली नाही तोच आतून तिचा नवरा दामाजी, "सान्वी, माझा चार्जर कुठाय?" चार्जर दिला. पुन्हा बसली. "सान्वी, नळाला पाणी आलं का बघ गं." बघून आली. मग स्वयंपाकघरातून कृतिका, "सान्वी, बाळा, शेजारून चार पानं कढीपत्ता." बोट पानात अडकवून ती गेली, आणि परत आली तेव्हा बोट कढीपत्त्यात होतं. मग मितेश कामावरून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "सान्वी, रिकामीच आहेस तर पाणी आण."

बघा, यात कोणाचा काही वाईट हेतू नव्हता. कष्टाच्या घरात ही रीतच असते. तव्यापुढे उभी आहे तिला कोणी हाक मारत नाही. जाळं विणतोय त्याला मारत नाही. जो बसलेला दिसेल त्याला मारतात. आणि पुस्तक घेऊन माणूस बसलेलाच दिसतो.

शेवंती कडाडली, "पोरीला जरा वाचू द्याल का कोणी?"

मितेश हसायला लागला. "आये, मला दिलं होतंस? मी पुस्तक धरलं की तू म्हणायचीस, रिकामा बसलायस तर बर्फ घेऊन ये."

"तुला बसू दिलं असतं तर झोपला असतास."

"झोपलो असतो. पण पुस्तकावर झोपलो असतो."

सगळे हसले, शेवंतीही हसली. पण लसणाची साल नखात जावी तसं ते तिच्या मनात राहिलं. रोज ओरडून काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या घरात कोणाला बसू द्यायचं असेल, तर त्याचं बसणं हेच काम ठरलं पाहिजे.

आणि या घरात तसं एक काम होतं.

शेवंतीची सासू मंजुळा, तिच्या वेळेपासूनचा नियम. वाळवणाच्या राखणीला जो बसला, त्याला हाक मारायची नाही. कोणीही नाही, कशालाही नाही. एकदा व्याही आले म्हणून राखणीवरच्या पोरीला चहा करायला आत बोलावलं होतं, आणि चहाला उकळी येईतो कावळ्यांनी अर्धी करंदी नेली. तेव्हापासून मंजुळेने सांगून ठेवलं, देव जरी दारात आला तरी त्याला म्हणायचं, आतून कोणाला तरी बोलाव, ही राखणीवर आहे. मंजुळा गेली तरी नियम राहिला. तिच्या मुलाची, म्हणजे दामाजीची, सुद्धा तो मोडायची छाती नव्हती.

सुट्टी लागली तसं शेवंतीने जाहीर केलं, "यंदा राखण सान्वी करेल."

"फोन घेऊन बसू?" सान्वीने विचारलं.

"फोन उन्हात तापतो. आणि कावळा फोनला भीत नाय. पुस्तक घेऊन बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. आवाज येत राहिला की कावळ्याला कळतं, माणूस जागं आहे. आवाज थांबला की कावळा उतरतो."

आता पुस्तक हवं. बाजाराच्या मागच्या गल्लीत लायब्ररी आहे, हे शेवंतीला कैक वर्षं माहीत होतं. तिथल्या पायरीवर ती कधीकधी सावलीला बसायची. आत पहिल्यांदा गेली. टेबलामागे संदेश नावाचा तरुण मुलगा होता.

"कसलं देऊ, आजी? गोष्टी, विज्ञान, चरित्र?"

"दुपारभर पुरेल असं द्या. मधेच संपलं तर मांजर येते."

संदेशला काही हे उमगलं नाही, पण त्याने एक आणून दिलं. शेवंतीने ते हातात तोलून पाहिलं. "हे हलकं आहे. आणि चित्रं नकोत एवढी. चित्र दिसलं की पोर बघते आणि पान उलटते."

मग त्याने आतून एक जाडसर आणलं. वादळात होडी फुटून बेटावर हरवलेल्या तीन बहिणींची गोष्ट. "हे घ्या. पण आजी, एक सांगतो, रागवू नका. पुस्तकाला वास लागू देऊ नका."

"प्लास्टिकमध्ये ठेवते," शेवंती म्हणाली, आणि घरी जाऊन खरोखर ते बोंबलाच्या स्वच्छ पिशवीत ठेवलं.

पहिल्या दिवसांचं काही विचारू नका. ओट्याशेजारच्या पिंपळाच्या सावलीत खुर्ची, एका हातात काठी, मांडीवर पुस्तक. "ए...क... होडी... व... वल्हवत..." असं सान्वी वाचायची, आणि मधे मधे आकाशाकडे बघून उसासा टाकायची. ओट्याच्या टोकाला शेवंती आणि शेजारची सगुणा मासळी साफ करत बसायच्या.

"कावळे यायचेच बंद झाले गं," सगुणा म्हणायची. "त्यांनापण कंटाळा येतो."

"तू गप मासळी साफ कर."

पण सान्वीला करायला दुसरं काही नव्हतं. उठता येत नव्हतं, फोन नव्हता, आणि घरातून हाक तर येणारच नव्हती. दामाजी एकदा सवयीने दारात येऊन "सान्वे" म्हणायला गेला, आणि शेवंतीने सुरी हातात धरून नुसतं वर पाहिलं. तो स्वतःच पाणी पिऊन गेला. वाचण्याशिवाय इलाज नाही म्हणून पोर वाचत गेली, आणि हळूहळू खडे कमी झाले. होडी फुटली त्या दिवशी तर ती न अडखळता अख्खं पान वाचून गेली आणि तिचं तिलाच कळलं नाही.

सगुणेचे हात थांबायला लागले. थोरली बहीण धाकट्या दोघींना झाडाखाली सोडून एकटीच डोंगर चढायला गेली, तेव्हा सगुणा भडकली.

"अशी कशी जाते ही? थोरली ना? दोन लहान पोरी टाकून?"

"पाणी शोधायला गेली," शेवंती म्हणाली.

"पाणी शोधायला सगळ्यांनी जायचं. हात धरून. माझी नणंद अशीच होती, सगळं एकटीने करायची आणि मग सांगत सुटायची."

"मावशी, मी वाचू का तुम्ही बोलताय?" सान्वीने काठी आपटून विचारलं.

दोघी गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणा पोरीने सगुणेला गप्प केलं होतं.

पुढे मधली बहीण हरवली. ती सापडते की नाही या काळजीने सगुणा रात्री नीट जेवली नाही म्हणे. दुपारी शेवंतीच्या आधी तीच येऊन बसायची. शेवंती मनात म्हणायची, होतंय, होतंय.

आणि मग तो दिवस आला.

शेवंती मागच्या मोरीत मांदेली धुत होती. सगुणा बाजारात गेली होती, यायची होती. पुढून सान्वीचा आवाज येत होता, एकसारखा, सवयीचा. मग तो थांबला. शेवंतीला वाटलं, पाणी प्यायला थांबली असेल. मग वाटलं, झोपली असेल. एवढ्यात रस्त्यावरून सगुणेची आरोळी आली, "शेवंते, बाहेर ये गं, लुटलं तुला."

शेवंती ओल्या हातांनी धावत आली. ताडपत्रीवर कावळे पंगत बसल्यासारखे ओळीने बसले होते. बांबूखाली दोन मांजरी, त्यातली एक सगुणेचीच. खालच्या ओळीतले बोंबील गेले होते, वरचे अर्धवट ओढून मातीत पडले होते. पलीकडच्या इमारतीतल्या बाईंनी आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, आधीच सांगून ठेवलेला माल होता तो.

आणि या सगळ्याच्या मधोमध, खुर्चीत, सान्वी बसली होती. जागी. काठी पायाशी पडलेली.

शेवंतीने हात उचललाच होता. पण ती अडली. पोरीचे ओठ हलत नव्हते. डोळे मात्र भराभर चालले होते, एका कडेकडून दुसऱ्या कडेला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शेवंतीने जन्मभर ओठ हलवून वाचलं होतं. ओठ मिटून वाचणारी माणसं तिने बसमध्ये पाहिली होती, आणि ती नुसती वाचल्याचं दाखवतात असं तिला आत आत वाटायचं. कावळे हातभर अंतरावर ओरडत होते आणि या पोरीला ऐकू येत नव्हतं.

"सान्वी." काही नाही. "सान्वे, ए."

पोरीने मान वर केली. लांबच्या गावाहून आल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मधली सापडली." आणि तेव्हा तिला ताडपत्री दिसली.

संध्याकाळी घरात काय झालं ते सांगायला नको. दामाजीने आवाज चढवला. "राखणीला पुस्तक देतात का कुठे? आमच्या सात पिढ्यांत कोणी दिलं नाय. ते पुस्तक टाक खाडीत."

"लायब्ररीचं आहे," मितेश म्हणाला.

"मग लायब्ररी टाक खाडीत."

कृतिका समजुतीची होती, तिने मऊपणाने सांगितलं. "आई, मी म्हणत होते ना, कल्याणला सुट्टीचा क्लास आहे. तिथे वाचनपण घेतात. तुमचा माल जायला नको आणि हिचं शिकणंपण राहायला नको."

पण सगळ्यात वाईट बोलली ती सान्वी. डोळे रडून लाल झालेले, शेवंतीच्या पदराला धरून म्हणाली, "आजी, उद्यापासून मी नुसती बसते. पुस्तक घेत नाही. शप्पथ."

बोंबील गेल्याचं शेवंतीला दुःख होतं, नाही असं नाही. पण हे वाक्य तिला त्याहून महाग वाटलं. बोंबील पुन्हा आणता येतात. हे आज आलेलं पुन्हा येईलच याची काय हमी.

"नुसती बसलीस तर बघ," ती म्हणाली. "उद्या तूच बसायचं आणि पुस्तक घेऊनच बसायचं."

"आणि मासळी?" दामाजीने विचारलं. "ती कोण बघणार, ती मधली बहीण?"

"तुमचं जाळं बघेल."

दामाजीचं जाळं मागच्या खोलीत खुंटीला होतं. खाडीत आता फारसं काही मिळत नव्हतं, होडी काढून वर ठेवली होती, पण जाळं तो दर महिन्याला खाली काढायचा, फाटलेलं सांधायचा आणि पुन्हा टांगायचा. कोणाला हात लावू द्यायचा नाही.

"माझं जाळं? वाळवणावर?" दामाजी उठून उभा राहिला. "मेलेल्या बोंबलांवर?"

"जिवंत मासे खाडीत नाय उरले. निदान मेलेले तरी सांभाळू दे त्याला."

"शेवंते, हे जास्त होतंय."

"होऊ दे. बाईंनी सांगितलं, आत्ता गोडी लागली तर लागली. आज लागली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. कावळे डोक्यावर नाचत होते आणि पोर हलली नाय. तुम्ही खाडीत जाळं टाकून बसायचात तेव्हा मी कधी हाक मारली? सांगा, मारली?"

मितेश खाली बघून हसत होता. कृतिकाने ताटं वाढायला घेतली, आणि क्लासचा विषय त्या ताटांखालीच राहिला.

सकाळी शेवंती उठून पाहते तर ओट्यावर चारी कोपऱ्यांना बांबू रोवलेले आणि जाळं ताणून बांधलेलं. दामाजी शेवटची गाठ मारत होता. दुसऱ्या कोणी बांधलं तर फाडून ठेवेल म्हणून, असं त्याचं म्हणणं. गाठी मात्र बघण्यासारख्या होत्या.

हात झटकत तो म्हणाला, "आता राखणीची गरजच नाय. पोरीला मोकळी कर."

"मांजर खालून शिरते."

"कडेला दगड लावलेत मी."

"दगड सरकतो," शेवंती म्हणाली. "राखण पायजेच. आणि राखणीवरच्याला हाक मारायची नाही."

दामाजी तिच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळत होतं आणि आपल्याला कळतंय हे तिलाही कळतंय, हेही कळत होतं. पण सुनेसमोर आपल्याच आईचा नियम कसा मोडणार. "दगड सरकतो म्हणे," एवढं पुटपुटून तो आंघोळीला गेला.

सान्वी पहिले दोन दिवस पुस्तक उघडून जाळ्याकडेच बघत बसली. भीती बसली होती पोरीला. शेवंतीने तिला काही समजावलं नाही, समजावून भीती जात नाही. तिने फक्त सगुणेला बोलावलं. सगुणा येऊन बसली आणि म्हणाली, "मधली सापडली म्हणे. मला न सांगता सापडली? मागून वाच बघू, मी नव्हते तेव्हाचं." मग सान्वीला मागून वाचावंच लागलं, मोठ्याने. सगुणा घरी गेली की ती पुढचं वाचायची, मनातल्या मनात. जाळ्यावर कावळे बसायचे, खाली बघायचे आणि उडून जायचे.

तीन बहिणी घरी पोचल्या. मग शेवंतीने दुसरं पुस्तक आणलं. संदेशने पहिलं परत घेताना नाकाजवळ नेलं आणि वेगळ्या कपाटात ठेवलं. तिसऱ्या वेळी तर सान्वी बरोबर गेली आणि आपलं आपण निवडलं. शेवंती दारात उभी राहिली. तोलून बघायचं काम आता तिचं राहिलं नव्हतं.

आगोट संपली. माल विकला गेला, उरलेला डब्यांत भरून कागद लावून बंद झाला. दामाजीने जाळं सोडलं, धुतलं, वाळवलं आणि पुन्हा खुंटीला नेलं. ओटा रिकामा झाला. शेवंतीला धाकधूक होती ती याचीच. राखण आहे तोवर ठीक, पण राखण संपल्यावर काय? घराच्या जिभेला तर तीच जुनी सवय.

तिच्या स्वतःच्या जिभेलासुद्धा. त्या दुपारी टिटवाळ्याहून दामाजीची भाची अचानक आली. चहा टाकला आणि साखरेचा डबा उघडला तर तळ. सान्वी दारात पायरीवर बसलेली, गुडघ्यावर पुस्तक, ओठ मिटलेले. शेवंतीच्या तोंडात हाक तयार होती. "सा" एवढं आलंसुद्धा बाहेर. तिने ते गिळलं.

तोवर आतून दामाजी, "सान्वी, माझा चष्मा बघ गं."

उत्तर नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग चिडून बाहेर आला. पायरीवर नात बघितली, समोरचा रिकामा ओटा बघितला, मग बायकोकडे बघितलं.

"ऐकू येत नाय का हिला?"

"राखणीवर आहे ती."

"कसली राखण? ओट्यावर काय आहे, माती?"

शेवंती हातातला साखरेचा रिकामा डबा घेऊन तशीच उभी राहिली, बाजारात त्या दिवशी टोपली घेऊन उभी होती तशी. भाची एकदा मामाकडे, एकदा मामीकडे बघत राहिली. दामाजीने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, मग आत वळला. कपाटाची दारं, उशी, खिसे, सगळं आपटून आपटून त्याने चष्मा शोधला. सापडला. "इथेच तर होता," असा त्याचा आवाज आला.

शेवंतीने चहा खाली उतरवला, भाचीला म्हणाली, "बस जरा, आले मी," आणि पदर खोचून स्वतः साखर आणायला निघाली. पायरीवरून उतरताना सान्वीने नुसते पाय बाजूला घेतले, मान वर केली नाही.

वाटेत सगुणा भेटली. "अगं, पाहुणी घरात आणि तू कुठे निघालीस उन्हाची? नात कुठाय तुझी?"

"ती कामात आहे," शेवंती म्हणाली.